भोंगा वाजल्यावर उभे राहावे

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. टाळेबंदीच्या काळात शाळेसाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा पुन्हा भरू लागल्यावरही सुटेना, तेव्हा या गावाने २०२२ साली ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांची समजूत काढली. कायद्याचा कसलाही धाक नसलेला हा निर्णय पाहता पाहता देशभर बातमीचा विषय झाला, आणि त्यानंतर आपल्या भागात मुलांच्या मोबाइलची तक्रार निघाली की ‘वडगावासारखा भोंगा बसवा’ ही सूचना कुणीतरी करतेच.

सूचना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. मात्र त्या दीड तासाबद्दल जेवढे बोलले गेले ते सगळे अभ्यास, एकाग्रता, डोळे आणि संस्कार यांच्याभोवतीच फिरले. मानेपासून खालचे शरीर त्या चर्चेत कुठे आलेच नाही. मुलाच्या हातातला मोबाइल काढून तिथे पुस्तक दिले की काम झाले, असे आपण धरून चालतो. पण ज्या मांडीवर मोबाइल होता त्याच मांडीवर पुस्तक आले तर मानेचा कोन तोच राहतो, पाठीचा बाक तोच राहतो आणि मुलगा बसलेलाच राहतो. बुद्धीच्या दृष्टीने हा बदल मोठा असेल. शरीराच्या हिशेबी त्याची जमा शून्य आहे. संध्याकाळच्या पडद्याने आपल्याकडून खरोखर काढून घेतले ते दिवसाचे शेवटचे हिंडणे-फिरणे, आणि त्याची किंमत घरातली म्हातारी माणसे तोल जाऊन पडण्याच्या रूपाने मोजत आहेत. म्हणून भोंगा वाजल्यावर माणसांनी दुसरीकडे बसू नये, उभे राहावे, असे माझे म्हणणे आहे.

या विषयावर बोलू लागले की सर्वांत आधी वाकलेल्या मानेचे चित्र पुढे केले जाते. २०१४ साली केनेथ हंसराज या अमेरिकी मणक्याच्या शल्यविशारदांनी एक गणित मांडले होते: सुमारे पाच किलोचे डोके साठ अंशांनी पुढे झुकवले की मानेवर सत्तावीस किलोंच्या आसपास भार येतो. हा आकडा चित्रांसह इतका फिरला की आज तो शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. तो संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीतून आलेला आहे, जिवंत माणसांच्या मानेत उपकरण बसवून मोजलेला नाही, हे मात्र त्याच्याबरोबर फिरले नाही. पुढे २०१८ साली ब्राझीलमध्ये अठरा ते एकवीस वयाच्या तरुणांची पाहणी झाली, तेव्हा मोबाइल पाहतानाची वाकलेली मान आणि मानेचे दुखणे यांचा संबंध आढळला नाही. असे असताना ‘मोबाइलने पिढीच्या पिढी वाकडी झाली’ असे छातीठोकपणे सांगणे प्रामाणिकपणाचे नाही, आणि भोंग्याची बाजू मांडण्यासाठी त्याची गरजही नाही.

मान वाकवणे हा काही मोबाइलने शिकवलेला प्रकार नव्हे. मिरजेचे सतारमेकर भोपळ्यावर वाकून आयुष्य काढतात. भांगलणीला गेलेल्या बाया दिवसभर कमरेत वाकलेल्या असतात. फरक बसण्याच्या रीतीपेक्षा न हलण्यात आहे. सुपात तांदूळ निवडणाऱ्या बाईकडे नीट पाहावे. ती सूप एका अंगाला कलते करते, खडा लांब फेकते, पदर सावरते, कुकरची शिट्टी झाली की उठून आत जाते, परत येते ती दुसऱ्या कुशीवर मांडी घालून बसते. तीच बाई रात्री मोबाइलवर एकामागून एक रील पाहू लागली की तिच्या अंगातला फक्त उजव्या हाताचा अंगठा हलतो, आणि तोही दीड इंच. हल्ली फिजिओथेरपिस्ट मंडळी सांगतात की आदर्श बैठक अशी काही नसते, शरीराला पुढची हालचाल मिळत राहिली पाहिजे. पडदा नेमकी तीच मिळू देत नाही, कारण नजर एका जागी खिळली की मान खिळते आणि मान खिळली की तिच्या खालचे सगळे खिळते.

हे खिळून बसणे तोलापर्यंत कसे पोहोचते हे समजण्यासाठी तोल म्हणजे काय ते पाहावे लागेल. उभे राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. पहिली डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतल्या भागातून, जिथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कुणीकडे वळले ते कळवतात आणि त्यांच्या शेजारचे चुनखडीचे बारीक कण गुरुत्वाची दिशा सांगतात. तिसरी खबर तळपाय, घोटे, गुडघे आणि मान यांतल्या स्नायू-सांध्यांकडून येते. एक खबर मंद झाली तर उरलेल्या दोन भागवून नेतात. दोन एकदम मंद झाल्या की माणूस डुलू लागतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी तळपायांची जाणीव गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत हे नोंदवले, आणि आजही दवाखान्यात पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहायला सांगतात ते त्यांच्याच नावाच्या चाचणीसाठी. अशा रुग्णांचा तोल सकाळी तोंड धुताना डोळे मिटताच जातो. मधुमेह जुना झालेली कितीतरी माणसे ‘पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात’ असे सांगतात. त्यांची तिसरी खबर आधीच पुसट झालेली असते आणि त्यांचा सगळा भार डोळ्यांवर असतो.

मानेची कामगिरी यात अनेकांना ठाऊक नसते. कान डोक्यात असल्यामुळे तो फक्त डोक्याची खबर देऊ शकतो. फक्त डोके वाकले का सगळा माणूसच पुढे झुकला, हा निवाडा मानेकडून येणाऱ्या खबरीवाचून होत नाही. कवटीच्या खाली, मानेच्या वरच्या टोकाला जे छोटे स्नायू आहेत त्यांच्यात स्थितीची जाणीव देणारे तंतू फार दाटीने असतात. स्नायू एकाच स्थितीत बराच वेळ ताणलेले राहून थकले की त्यांची खबर चुकू लागते. मानेचे स्नायू मुद्दाम थकवून केलेल्या प्रयोगांत उभ्या माणसाचे डुलणे वाढलेले दिसते. थोड्या विश्रांतीने ते पूर्ववत होते. म्हणजे तोलाच्या दृष्टीने पाहायचे तर मणक्याला कायमचा बाक येईल की नाही या चिंतेपेक्षा उठल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांची चिंता करणे शहाणपणाचे आहे.

ती एक-दोन मिनिटे डोळ्यांसमोर आणावीत. रात्रीचे साडेनऊ झाले आहेत. सोप्यात दिवाणावर सत्तरीचे गृहस्थ भिंतीला टेकून, एक पाय दुमडून बसले आहेत. विजेचे बिल कमी यावे आणि चित्र स्पष्ट दिसावे म्हणून वरचा दिवा घालवलेला आहे. उजेड आहे तो हातातल्या पडद्याचा. दीड तास ते कीर्तन, कुस्तीचे जुने सामने आणि बाजारभाव पाहत आहेत. लघवीला जायचे म्हणून ते उठतात. दुमडलेल्या पायाला मुंग्या आलेल्या असतात, त्यामुळे पाऊल जमिनीवर टेकले की नाही हे नीट कळत नाही. बराच वेळ बसून एकदम उठल्यामुळे रक्त पायांकडे उतरते, आणि रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर दाब आणखी घसरून डोळ्यांपुढे अंधारी येते; उठल्यानंतर तीन मिनिटांच्या आत वरचा दाब वीस अंकांनी उतरला तर वैद्यकात त्याला दोषच मानतात. मान थकलेली असते. राहिले डोळे. उजळ पडद्याकडे पाहत बसलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. त्यात चष्मा दोन नंबरांचा असला तर खाली पाहताना जवळचा नंबर मध्ये येतो आणि पायरीची कड पुसट होते. पुढे उंबरा आहे, दोन पायऱ्या आहेत, परड्यातली ओली फरशी आहे आणि तिच्या पलीकडे संडास आहे.

यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ आहे. पाय, मान आणि डोळे या तिघांच्या खबरी एकाच वेळी मंदावतील अशी वेळ दिवसभरात सहसा येत नाही, ती आपण रोज रात्री आपल्या हाताने आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात, त्यांतली ऐंशी टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि मरणाऱ्यांत सर्वाधिक संख्या साठीपुढच्यांची. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. आपल्याकडे मात्र म्हातारे माणूस पडले तर ‘वय झालं’ एवढ्यावर विषय मिटतो. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजीचा शेवट न्यूमोनियाने झाला तर घरचे न्यूमोनियाच सांगतात. ती कशी पडली, किती वाजता पडली, दिवा लागलेला होता का, हे कुणी विचारत नाही.

इथे जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. चक्कर आली की तो मानेचाच दोष, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. औषधाच्या दुकानातून पट्टा आणायचा आणि महिना-महिना गळ्यात घालून हिंडायचे, हे घरोघर चालते. हल्ली त्यात मोबाइलची भर पडली आहे. कुशीवर वळताना किंवा वर पाहताना काही सेकंद घर गरगर फिरत असेल, तर बहुतेक वेळा कानातले ते चुनखडीचे कण जागचे निसटून नलिकेत शिरलेले असतात. जाणकार डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने वळवून ते काही मिनिटांत जागेवर आणू शकतो. त्याचा मोबाइलशी संबंध नाही आणि पट्ट्याने ते बरे होत नाही. उलट पट्ट्याने मान आखडते आणि पायाखालचे दिसेनासे होते. पडद्याला दोष देताना त्याचा नसलेला दोष त्याच्या माथी मारला, तर खरे दुखणे उपचारावाचून राहते.

निळ्या उजेडाच्या भीतीचेही थोडेफार असेच आहे. संध्याकाळचा उजेड झोपेचे संप्रेरक लांबणीवर टाकतो हे खरे आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांचे ते संप्रेरक सुमारे दीड तास उशिरा स्रवू लागले होते; प्रत्यक्षात झोप लागायला मात्र दहाच मिनिटे जास्त लागली. प्रयोगातली माणसे बारा होती आणि पडदा मोबाइलपेक्षा मोठा होता. निळा उजेड अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असे २०२३ सालच्या कोक्रेन आढाव्याला (कोक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढळले नाही, तरी चष्म्याच्या दुकानात त्या काचांचे जादा पैसे आपण मुकाट्याने देतो. माझ्या मते उजेडापेक्षा ‘अजून एकच’ म्हणून पुढचा व्हिडिओ लावणे झोपेच्या जास्त मुळावर येते. कारण काहीही असो, झोप बुडालेल्या माणसाचे डुलणे दुसऱ्या दिवशी वाढते हे तपासून पाहिलेले आहे, आणि पहाटे धार काढायला गोठ्यात जाणाऱ्याला ते परवडणारे नाही.

गावाकडच्या रात्रीची आणखी एक बाजू शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते आणि रात्रीची पाळी आली की वाळवा-पलूसच्या उसाला किंवा तासगावच्या द्राक्षबागेला पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. वीज येईपर्यंत शेतकरी मोटरच्या खोलीत मोबाइल पाहत बसतो आणि वीज आली की स्टार्टर दाबून तसाच बांधावर चालू लागतो. बांध वीतभर रुंद, एका अंगाला पाण्याने भरलेली सरी, हातात मोबाइलचीच बॅटरी. सापाची भीती आणि शिराळा-वाळव्याकडे बिबट्याची, त्यामुळे उजेडाचा झोत पायाशी राहत नाही, तो पुढे आणि बाजूला फिरत असतो. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाचा पाय इथे मुरगळतो तो वयामुळे नव्हे. शेतीला दिवसा वीज द्या या जुन्या मागणीला पिकाच्या आणि सापाच्या कारणांबरोबर हेही एक कारण जोडता येईल.

आता पूर्वीच्या संध्याकाळींबद्दल. त्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि तो आवरला पाहिजे. पारावरच्या गप्पा पुरुषांच्या होत्या, तालमीतल्या जोर-बैठका मुलग्यांच्या होत्या, आणि सगळ्याच जातींना तिथे सारखी जागा होती असेही नाही. तरीही अंगाच्या हिशेबाने त्या संध्याकाळींत एक गोष्ट होती जी आज नाही: माणसे दिवस मावळल्यावरही पायांवर असत. मुले लंगडी खेळत. लंगडी हा एका पायावर तोल सांभाळत, दिशा बदलत, समोरच्याला गाठण्याचा खेळ आहे. तोलाचे याहून कसोशीचे शिक्षण कोणत्याही व्यायामशाळेत मिळत नाही. मुली फुगडी घालत, आणि गरगर फिरून थांबल्यावर उभे राहता येणे ही कानातल्या त्या नलिकांची तालीमच असते. जेवण जमिनीवर मांडी घालून होत असे, त्यामुळे दिवसातून चार-सहा वेळा जमिनीवरून उठणे आपोआप घडे. हाताचा आधार न घेता जमिनीवर बसून उठता येणे आणि दीर्घायुष्य यांचा संबंध ब्राझीलच्या क्लाउदिओ आराउजो या डॉक्टरांनी २०१२ साली दोन हजार माणसांच्या पाहणीतून दाखवला. त्यांच्याच २०२२ सालच्या दुसऱ्या पाहणीत, एका पायावर दहा सेकंद उभे राहू न शकणाऱ्या एक्कावन्न ते पंचाहत्तर वयाच्या लोकांत पुढील सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळला. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. पण अंगात किती शिल्लक आहे ते त्यातून कळते. आपल्या जेवणाच्या टेबलांनी आणि सोफ्यांनी जमिनीवरून उठणे कमी केले आणि मोबाइलने उठणेच कमी केले.

भोंग्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला बायकांचा. शेत, गुरे, स्वयंपाक, भांडी असे सगळे उरकून दिवसात पहिल्यांदा बूड टेकते ते मालिकेच्या वेळी. तीच वेळ गावाने काढून घेतली तर तिने विश्रांती कधी घ्यायची? हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला व्यायामाचे महत्त्व सांगणे उर्मटपणाचे आहे. तिच्या अंगाला दिवसभर हालचाल मिळालेली असते, तिला बसू द्यावे, आणि भोंग्यानंतर घरातल्या पुरुषांनी उठून भांडी घासावीत. मी हे विनोदाने म्हणत नाही. मोरीपाशी उभे राहून, वाकून, वळून केलेले काम तोलाच्या दृष्टीने दिवाणावरच्या दोन तासांपेक्षा कितीतरी बरे.

दुसरा आक्षेप खानापूर-आटपाडीच्या बाजूला लगेच समजेल. त्या भागातली घरेच्या घरे गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. सोने-चांदी गाळणारा मुलगा तामिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात, आणि आई-वडील विट्याजवळच्या गावात. दुकान बंद करून तो घरी फोन करतो तो संध्याकाळीच, आणि नातवाचे तोंड दिसते ते त्या पडद्यावरच. हा फोन बंद करा असे कोणत्या तोंडाने सांगणार? सांगूही नये. एवढेच सुचवावे की दिवा लावून, उभ्याने किंवा खुर्चीत ताठ बसून बोलावे आणि बोलून झाल्यावर दिवाणाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसावे, मग उठावे. चालता चालता मात्र बोलू नये. स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले होते की चालताना कुणी बोलू लागल्यावर जी वृद्ध माणसे थांबतात, ती पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त असते, त्यांना चालणे आणि बोलणे एकाच वेळी झेपत नाही. तरुणांनाही ते फारसे झेपत नाही: ऑस्ट्रेलियातल्या २०१४ सालच्या प्रयोगात चालताना मोबाइलवर मजकूर लिहिणारी धडधाकट माणसे हळू झाली आणि सरळ रेषेतून ढळली.

मग भोंग्याच्या त्या दीड तासात करायचे काय? पहिला अर्धा तास घराबाहेर, पायांवर काढावा आणि उरलेला तास ज्याला जे करायचे त्याने ते करावे. मुलांसाठी शाळेच्या मैदानावर लंगडी आणि खो-खो, ज्यांना ना साहित्य लागते ना क्रीडाशिक्षक. मुलींना त्यात सारखी जागा हवी, नाहीतर पाराचीच जुनी गोष्ट पुन्हा होईल. म्हाताऱ्यांसाठी ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालणे, हाताच्या आधाराविना खुर्चीतून दहादा उठणे. जवळ कुणीतरी उभे असावे एवढीच अट. ऐकायला हे पोरकट वाटते. पण २०१९ सालच्या कोक्रेन आढाव्यात शंभरावर चाचण्या आणि तेवीस हजारांहून अधिक माणसे एकत्र तपासली तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे तेवीस टक्क्यांनी घटलेले आढळले, आणि त्यात मोठा वाटा तोलाच्या व उठण्या-बसण्याच्या अशाच साध्या व्यायामांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस असा व्यायाम सांगितला आहे. नुसते चालणे पुरत नाही. सांगलीच्या आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना हे आवडणार नाही, पण सपाट वाटेवर एका लयीत चालून हृदयाला जेवढे मिळते तेवढे तोलाला मिळत नाही.

गावाने ठरवले तर अशा गोष्टी होतात, याचा अनुभव या जिल्ह्याला आहे. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावागावांत माणसे हातात झाडू घेऊन उतरली. त्या आणि नंतरच्या मोहिमांतून घरोघर संडास आले, ही मोठीच मिळकत होती. मात्र बहुतेक ठिकाणी ते घराबाहेर, परड्यात बांधले गेले आणि घरापासून तिथवरच्या वाटेचा विचार कुणी केला नाही. गल्लीतली दिवाबत्ती तर ग्रामपंचायतीच्या थकलेल्या बिलात अडकते. रात्री वृद्ध माणूस पडते ते याच दहा-पंधरा पावलांत, आणि भोंगा कितीही मोठा वाजला तरी ती वाट उजळत नाही.

खर्चाचे रडगाणे इथे चालण्यासारखे नाही. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज चार तास लावला तर महिन्याला जेमतेम एक युनिट वीज जाते. मोबाइल पाहताना सोप्यातला दिवा चालू ठेवणे, परड्यात दुसरा दिवा लावणे, पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढणे आणि संडासात हात धरायला एक नळी बसवणे, या चार कामांना मजुरी धरूनही मोबाइलच्या वर्षभराच्या रिचार्जपेक्षा फार लागणार नाही. ज्या घरांना तेवढेही झेपत नाही त्यांची यादी आशा सेविकेकडे तोंडपाठ असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. भोंगा बसवण्याचा ठराव ज्या गावात मांडला जाईल तिथे त्याच ठरावात परड्यातल्या दिव्यांची तरतूद लिहून घ्यावी, आणि वर्षभरात गावातले कोण, कुठे, किती वाजता पडले याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवावी.